राखण्याला आलेली कारणे दाखवा नोटीस

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटी म्हणत. एक तर ती होतीच काटकुळी, आणि दुसरं म्हणजे तिळाच्या निम्म्या आकाराचा थेंब एका नळीतून दुसऱ्या नळीत न सांडता न्यावा तो तिनंच. अकरा वर्षं ती एकच काम करत आली होती. माणसाच्या अंगातलं एक प्रोटीन बाहेर तयार करायचं, धुऊन-गाळून स्वच्छ करायचं आणि बर्फात ठेवायचं. त्याचं कागदोपत्री नाव इतकं लांबलचक होतं की पूर्ण उच्चारेपर्यंत चहा निवायचा. म्हणून ती त्याला राखण्या म्हणायला लागली आणि पुढे तेच रूढ झालं.

राखण्याचं काम नावाप्रमाणेच होतं. आपल्या पेशीत डीएनए आपल्या जागी, केंद्रकाच्या बंद खोलीत, गुंडाळून ठेवलेला असतो. व्हायरस घुसला की पुष्कळदा त्याचा डीएनए त्या खोलीबाहेर मोकळा हिंडताना सापडतो. असा दुपेडी डीएनए हाताला लागला की राखण्या त्याला मिठी मारतो आणि अशी बोंब ठोकतो की सगळी पेशी खडबडून जागी होते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आठ महिन्यांपूर्वी नवे संचालक आले. ते मूळचे दगडांचे अभ्यासक. दगडांनी त्यांना आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे स्वभाव तसा बनला होता. त्यांनी वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापलं, 'आमचे प्रोटीन फक्त शत्रूलाच ओळखते.'

चिमटीनं ते वाचलं आणि तडक त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, ते शत्रू-बित्रू ओळखत नाही. दुपेडी डीएनए ओळखतं. कुणाचाही."

"कुणाचाही म्हणजे?"

"तुमचा, माझा, माशाचा, व्हायरसचा."

"मग आपला कोण, परका कोण, हे त्याला कळतं कसं?"

"कळतच नाही, सर."

संचालक समजूतदारपणे हसले. "बाई, असा पहारेकरी कुणी नोकरीवर ठेवील का?"

"निसर्गानं ठेवलाय."

"अहवाल छापून झालाय," संचालक म्हणाले. म्हणजे आता निसर्गानं जुळवून घ्यायचं होतं.

पुढच्याच आठवड्यात तपासणी समिती आली. तिघं सदस्य, तिघांच्या गळ्यात चष्मे. चिमटीनं प्रात्यक्षिकाची मांडणी केली. नळीत असं रसायन घातलेलं होतं की राखण्यानं बोंब मारली की नळी हिरवी उजळायची. पहिल्या नळीत व्हायरसचा डीएनए घातला आणि नळी उजळली. सदस्यांनी माना डोलावल्या. तिथंच थांबले असते तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण संचालकांना चेव चढला.

"आता माझा घ्या," ते म्हणाले आणि सर्वांसमक्ष त्यांनी आ केला.

चिमटी कापसाची काडी हातात घेऊन त्यांच्या कानाशी वाकली. "सर, नका."

"अहो, घाबरता काय? आपल्याच माणसाला कोण ओरडतंय?"

तिनं गालाच्या आतून काडी फिरवली. त्यातून डीएनए वेगळा काढायला चाळीस मिनिटं लागली, तेवढ्यात समितीचा चहा झाला. मग थेंब नळीत पडला. नळी अशी लखलखली की व्हायरसची तिच्यापुढं मिणमिणती वाटावी. शेजारी तिनं पडताळा म्हणून माशाची नळी ठेवली होती, तीही तेवढीच हिरवीगार.

सर्वांत वयस्क सदस्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे यानं संचालकांना व्हायरस समजलं."

"किंवा मासा," दुसऱ्या सदस्यबाई म्हणाल्या.

तिसऱ्यानं वहीत तिन्ही शब्द एकाखाली एक लिहून पुढे मोठा कंस केला. संचालकांना तो कंस लांबूनही दिसला.

दोन दिवसांनी कलमकाका प्रयोगशाळेत आले. कलमकाका म्हणजे संस्थेचे हेडक्लार्क. नियमातली कलमं त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होती. त्यांच्या हातात पाकीट होतं आणि त्यावर राखण्याचं ते लांबलचक नाव एकही चूक न करता टंकलेलं होतं.

"कारणे दाखवा नोटीस आहे," ते म्हणाले. "कुठं बसतात ते?"

"कोण?"

"ज्यांच्या नावे आहे ते."

चिमटीनं फ्रीजर उघडून दाखवला. आतून वाफेसारखी थंडी बाहेर आली. कलमकाकांनी डोकावून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि खड्या आवाजात नोटीस वाचली. 'आपण संस्थेच्या प्रमुखांस समितीसमक्ष शत्रू समजून बोंब मारली. सदर वर्तन बेशिस्तीचे असून आपणांवर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

"आता पोच. इथं सही."

"काका, हे प्रोटीन आहे. त्याला हात नाहीत."

"निरक्षरांसाठी अंगठ्याची सोय आहे."

चिमटीनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टेचा मागमूस नव्हता. तेव्हा ती मुकाट्यानं कामाला लागली. जेलीच्या पातळ वडीत तिनं राखण्याचा थेंब सोडला, वीज लावली, रंग चढवला, आणि तासाभरानं वडीत जो एक निळा ठळक पट्टा उमटला त्याचा फोटो काढून दिला. प्रत्येक प्रोटीन आपल्या वजनाप्रमाणे ठरलेल्या जागी थांबतं, म्हणजे ही त्याची खूणच. कलमकाकांनी फोटो पोचेच्या रकान्यात चिकटवला, शेजारी 'डावा' असं लिहिलं, थोडा विचार केला, खोडलं आणि गेले.

घरी चिमटी आणि तिचे सासरे अशी दोघंच असत. नवरा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. सासऱ्यांनी उभा जन्म लोखंडी गोल जिने बनवण्यात घालवला होता. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे ते खुर्चीत बसून जगातल्या बाकीच्या जिन्यांना नावं ठेवत. संध्याकाळी तिनं सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते इतके हसले की पाणी प्यावं लागलं.

"पण सूनबाई, एक सांग. हा गडी त्याला धरतो कुठं?"

तिनं कागदावर डीएनए काढून दाखवला. दोन पेड एकमेकांभोवती वळत गेलेले, मध्ये आडव्या दांड्या.

"अगं, हा तर माझा जिना!"

"अगदी. सगळा मजकूर या मधल्या पायऱ्यांवर असतो. माणूस आहे की मासा, ते सगळं तिथं लिहिलेलं. आणि राखण्या धरतो बाहेरचे कठडे. कठड्यावर ऋण भार, याच्या तळव्यावर धन भार. चिकटतात."

"मग बरोबरच आहे त्याचं. कठडा धरून चढणारा माणूस पायरीवर काय लिहिलंय ते वाचतो काय? अंधारात तर नाहीच नाही. आणि कठडा सगळ्यांचा सारखाच?"

"सारखाच, बाबा. साखर आणि फॉस्फेट. संचालकांचा असो की माशाचा."

सासरे कागद जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिले. "किती उंचीच्या जिन्याला ओरडतो?"

अकरा वर्षांत हा प्रश्न इतका नेमका तिला कुणी विचारला नव्हता. तिला भडभडून आलं. "छोट्या तुकड्याला नुसता शिवतो, ओरडत नाही. दोन राखण्ये समोरासमोर उभे राहतात आणि मध्ये दोन जिने धरतात. जिना लांब असला की अशा जोड्यांची रांग लागते, एकमेकांना आधार मिळतो. मगच बोंब."

"शहाणा आहे," सासरे म्हणाले. "तीन पायऱ्यांच्या ओट्याला कोण पहारा बसवतं?"

रात्रीपर्यंत वाट न बघता दोघांनी जेवणाआधीच खुलासा लिहून काढला. चिमटी सांगत गेली आणि सासऱ्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवला. खुलासा समाधानकारक न वाटल्यामुळे, जसा तो कधीच कुणाचा वाटत नाही, चौकशी लागली.

चौकशीसाठी बाहेरून एक निवृत्त मुख्याध्यापिका नेमल्या होत्या. त्यांनी चाळीस वर्षं वर्गातल्या मारामाऱ्या मिटवल्या होत्या आणि प्रोटीन ही त्यांना त्यातलीच एक बाब वाटली. सभागृहात एका बाजूला संचालक, दुसऱ्या बाजूला चिमटी, आणि मधल्या खुर्चीवर बर्फाच्या डब्यात राखण्याची नळी.

"आरोपी हजर आहे?" चौकशीबाईंनी विचारलं.

"बर्फावर आहे," चिमटी म्हणाली.

"बर्फ कशाला?"

"नाहीतर बिघडतो, बाई."

"उन्हाळ्यात सगळीच बिघडतात. बोला."

चिमटीनं संचालकांचाच उरलेला डीएनए आणला होता. पहिल्या नळीत तो होता तसा घातला, नळी हिरवी झाली. दुसऱ्या नळीत घालण्याआधी तिनं त्याचे अगदी बारीक तुकडे करून घेतले होते. नळी काळोखी ती काळोखीच राहिली. तिसऱ्या नळीत तिनं त्याच लांब डीएनएला प्रोटीनच्या छोट्या रिळांवर घट्ट गुंडाळून घातलं, जसं ते आपल्या केंद्रकात असतं. ही नळीसुद्धा जवळजवळ गप्पच.

चौकशीबाईंनी टिपण केलं आणि मोठ्यानं वाचलं. "म्हणजे संचालकांचे बारीक तुकडे केले, किंवा त्यांना घट्ट गुंडाळून खोलीत ठेवलं, तर आरोपीची काही तक्रार नाही."

"तसंच," चिमटी म्हणाली आणि मग तिला वाक्याचा अर्थ कळला. पण तोवर कलमकाकांनी ते इतिवृत्तात घेतलं होतं.

संचालक ताडकन उठले. "यानं माझा अपमान केलाय! त्याला शिकवता येत नाही का, कोण कुठल्या पदावर आहे ते?"

"सर, त्याला पद वाचता येत नाही. त्याला अक्षरंच वाचता येत नाहीत. आणि तेच बरं आहे. व्हायरस रोज अक्षरं बदलतो. वाचून ओळखणारा पहारेकरी असता तर केव्हाच फसला असता. कठडा मात्र कुणाला बदलता येत नाही."

"आणि मग आपल्याच माणसाला पकडलं तर?"

"म्हणूनच तर आपला डीएनए खोलीत, गुंडाळून. तुमचा मी नळीत मोकळा सोडला. चूक असलीच तर माझी आहे. आणि आ तुम्ही केला होतात."

चौकशीबाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली. निकाल त्यांनी तिथल्या तिथं दिला. 'आरोपीच्या मनात द्वेष नाही, कारण आरोपीला मन नाही. आरोपीने जे केले ते नेमून दिलेले काम होते. दोष ओळखण्यात नसून जागेत होता. निर्दोष.' मग त्या नळीकडे वळून म्हणाल्या, "पण आवाज जरा कमी," आणि पर्स उचलून निघून गेल्या.

संचालकांच्या हे जिव्हारी लागलं. निकाल त्यांना बदलता येत नव्हता, पण संस्थेच्या आवारात काय असावं आणि काय नसावं हे ठरवायचा अधिकार त्यांचा होता. सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातानं तडीपारीचा आदेश लिहिला. 'सदर प्रोटीन मंगळवारी दुपारी बारा वाजल्यापासून या आवारात कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही ठिकाणी आढळता कामा नये. जबाबदारी हेडक्लार्क यांची.'

मंगळवारी सकाळी चिमटीनं तो वाचला. शीतखोलीत उंच काचेच्या नळकांड्यातून राखण्याची नवी खेप थेंब-थेंब गळत होती. पाच आठवड्यांची मेहनत. ती तिथं थंडीत उभी राहून थोडी रडली, नाक पुसलं, आणि आदेश पुन्हा वाचला. मग ती कलमकाकांच्या टेबलाशी गेली. खरं तर तिला त्यांच्याकडून फक्त दोन दिवसांची मुदत हवी होती.

"काका, 'कोणत्याही स्वरूपात' म्हणजे नेमकं काय हो?"

"म्हणजे कोणत्याही. यात मोघम काही नाही."

"म्हणजे बघा हं, हे माणसाचं प्रोटीन आहे. तुमच्या अंगातसुद्धा आहे ते. मग एवढ्या घाईनं—"

कलमकाकांनी पेन खाली ठेवलं. स्वतःच्या तळहातांकडे बघितलं, जसं काही कुणीतरी त्यात न विचारता बिऱ्हाड केलं होतं. "माझ्या? लेखी आहे का कुठं?"

तिनं पुस्तकातलं पान दाखवलं. कलमकाकांनी ते दोनदा वाचलं. "सगळ्यांच्यात?"

"सगळ्यांच्यात. पण काका, मला म्हणायचं होतं—"

पण ते उठले होते. पावणेबाराला त्यांनी घंटा वाजवली. बाराच्या ठोक्याला संस्थेतली एकशे चाळीस माणसं फाटकाबाहेर पदपथावर उन्हात उभी होती. शास्त्रज्ञ, झाडूवाल्या, माळी, ग्रंथपाल, आणि हातात अर्धवट इस्त्री केलेला पांढरा कोट घेतलेला धोबी. सर्वांत शेवटी कलमकाकांनी संचालकांना अदबीनं बाहेर आणलं, स्वतः बाहेर पाऊल टाकलं आणि फाटक लावलं.

"हा काय पोरखेळ आहे?" संचालक कडाडले. "मी संचालक आहे!"

"आहात ना, सर. पण आपल्यात ते आहे."

"मी आदेश रद्द करतो!"

"अवश्य. फक्त रद्द करायचा आदेश संस्थेच्या कागदावर, शिक्क्यानिशी हवा. कलम एकोणीस. कागद आणि शिक्का आत आहेत."

"मग कुणाला तरी आत पाठवा!"

"ज्याच्यात ते नाही अशा कुणालाही पाठवता येईल," कलमकाका म्हणाले आणि चिमटीकडे वळले. "कुणाच्यात नसतं?"

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. माळ्यानं फाटकाशी झोपलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. "कुत्र्यात थोडं वेगळं, पण तशाच कामाचं असतं," ती म्हणाली. कावळा? त्याच्यातही. ग्रंथपालानं माशी सुचवली.

"माशीत याच्या नात्यातलं असतं," चिमटी म्हणाली.

"नातेवाइकांबद्दल आदेशात काही नाही," कलमकाका म्हणाले. "माशीला जाता येईल." यावर काही वेळ गंभीरपणे विचार झाला. पण शिक्का लाकडी होता आणि बराच जड.

एक वाजला. संचालक दमून पदपथाच्या कडेला बसले. दुसरी जागा नव्हती म्हणून चिमटी शेजारी बसली. तिचं सगळं लक्ष शीतखोलीकडे होतं. नळकांड्यातलं पाणी संपत आलं असणार, आणि ते कोरडं पडलं की पाच आठवडे पाण्यात. की पाण्याविना, कसंही म्हणा.

"नेमकं धरतं कसं हो ते?" संचालकांनी विचारलं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून विचारलं, पण या वेळी उत्तर ऐकण्यासाठी विचारलं.

तिनं त्यांच्या हाताची बोटं गुंफायला लावली, जिना दाखवला, कठडा दाखवला, दोन राखण्ये समोरासमोर कसे उभे राहतात ते माळी आणि धोबी यांना उभं करून दाखवलं. धोब्यानं मन लावून काम केलं. संचालक मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, आणि ते वाईट नव्हते. दगडातले स्फटिक कसे जुळतात हे माणूस जाणून होता.

"म्हणजे त्यानं मला शत्रू समजलं नाही."

"नाही, सर."

"मित्रही नाही."

"तुम्ही कोण, हे त्याला माहीतच नाही."

संचालकांनी मान खाली घातली. मग खांदे हलायला लागले. चिमटीला वाटलं, रडतायत. ते हसत होते. "आठ महिन्यांत इथं मला ओळखत नाही असा हा पहिलाच भेटला," ते म्हणाले आणि रुमालानं मान पुसली.

चिमटीला राहवेना. ती उठून फाटकाशी गेली. "काका, आदेशात 'असता कामा नये' लिहिलंय की 'आढळता कामा नये'?"

कलमकाकांनी घडी उलगडली. "आढळता."

"म्हणजे कुणाला तरी आढळलं पाहिजे. या संस्थेत ते शोधून काढता येतं फक्त मला. आणि मी आज शोधणार नाहीये."

कलमकाकांचे ओठ हलत राहिले. एकशे चाळीस माणसं श्वास रोखून बघत होती. "शोध नाही, तर आढळ नाही," ते अखेर म्हणाले. "आढळ नाही, तर भंग नाही." आणि त्यांनी फाटक उघडलं.

चिमटी सगळ्यांच्या पुढे धावत गेली, पण उशीर झाला होता. नळकांडं कोरडं पडून आतल्या गाळणीच्या थराला उभी भेग गेली होती आणि खेप वाया गेली होती. तिनं ती ओतून दिली आणि बोटं गोठेपर्यंत भांडी धूत राहिली. अडीच वाजता तडीपारी शिक्क्यानिशी रद्द झाली. अहवालाला एक शुद्धिपत्र जोडलं गेलं, त्यातलं वाक्य चिमटीनं सांगितलं आणि संचालकांनी लिहिलं, 'हे प्रोटीन कोणताही लांब, मोकळा, दुपेडी डीएनए कठड्याने धरते. तो कोणाचा, हे विचारत नाही.' समितीनं शुद्धिपत्र वाचून विचारलं की हे आधी का सांगितलं नाही.

नव्या खेपेसाठी तिनं बुधवारी राखण्या बनवून देणारे बॅक्टेरिया वाढायला लावले. सासऱ्यांना तिनं घरी भेगेचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पहिल्या झटक्यात सरळ उभा राहिलेला गोल जिना त्यांनी अजून पाहिलेला नाही. पाच आठवड्यांनी नळकांडं पुन्हा गळायला लागलं तेव्हा शीतखोलीचं दार उघडून संचालक आत आले. अंगात जाड स्वेटर, डोक्याला कानटोपी. थेंब पडताना ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"मी हात लावू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, सर," चिमटी म्हणाली, आणि बसायला त्यांना स्टूल सरकवलं.